पोस्टरखाली विचारलेला ओटीपी

किकवीत हायवेला लागून माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, लाइट बिल, झेरॉक्स, आणि जून महिन्यात पोरांचे फॉर्म. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक निळं पोस्टर आहे. कोपऱ्यात कुलपाचं चित्र आणि मधोमध ठळक अक्षरं : ‘आपला ओटीपी कोणालाही सांगू नका.’ एका कार्यक्रमात फुकट वाटत होते, मी आणून सेलोटेपनं चिकटवलं. त्याच पोस्टरखाली बसून मी सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत येईल त्या माणसाला एकच गोष्ट विचारत असतो, “मावशी, ओटीपी आला का? सांगा बरं.”

यातली गंमत मला कधी दिसली नव्हती. गेल्या वर्षी पुण्याहून पीएचडी करणारी एक मुलगी आली. साधी माणसं रोजच्या वापरात मोबाइल-कॉम्प्युटरवर स्वतःची राखण कशी करतात, हा तिचा विषय. विचारून, परवानगी घेऊन ती पंधरा दिवस दुकानातल्या बाकावर बसून राहिली. पहिल्या दिवशी बायकांना वाटलं, ही लाडकी बहीण योजनेच्या चौकशीवर आली असणार. मग चहा झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी बघेना. तिला तेच हवं होतं. पाचव्या दिवशी तिनं पोस्टरकडे बोट केलं, मग माझ्याकडे केलं, आणि काही न बोलता वहीत काहीतरी लिहिलं. मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक शंभर पानी वही दिली. “दादा, ज्या ज्या वेळी ओटीपी विचाराल त्या वेळी एक रेघ मारा.” चार उभ्या आणि पाचवी आडवी, ग्रामपंचायतीच्या मतमोजणीत मारायचे तशी. दुपारच्या डब्याआधी पहिलं पान भरलं. त्या दिवसांत लाडक्या बहिणीची ई-केवायसी चालू होती. बाईच्या आधारवरचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी. नवरा शिरवळला कंपनीत पहिल्या पाळीला, मोबाइल लॉकरमध्ये. वडील पलीकडच्या खोऱ्यात, तिथं रेंज नाही. ते फोनवर सापडले की ओटीपी मागायला मी माझ्याच फोनवरून परक्या माणसाला फोन लावायचा आणि म्हणायचं, “मी किकवीच्या केंद्रातून बोलतोय, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत ते सांगा.” चोर वेगळं काय म्हणतो? त्याचं मराठी माझ्याइतकं चांगलं नसतं, एवढाच फरक.

ती निघाली त्या दिवशी मी तिला विचारलं, “ताई, तुमच्या या अभ्यासाचा काही उपयोग झाला का नाही, हे कसं कळणार?” ती हसली. म्हणाली, “आमचं मोजतात ना. पेपर किती, कुठं छापले, आणि दुसऱ्यांनी आपापल्या पेपरात ते किती वेळा उद्धृत केले.” त्याचा एक आकडाही असतो, एच-इंडेक्स. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढलेला. एखाद्याचे दहा पेपर प्रत्येकी निदान दहा वेळा उद्धृत झाले की त्याचा आकडा दहा. मी विचारलं, “आणि या बाकावर बसणाऱ्यांचं?” त्याला तिच्याकडे आकडा नव्हता.

जाताना तिनं वाचायला काही लेख दिले. इंग्रजी मला जेमतेम, पण केंद्रात इंटरनेट असतं आणि हायवेच्या गावात रात्री लवकर झोप कुठली येते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागं लागलाय, आणि माझं मत असं झालंय की अशा संशोधकानं लोकांना किती शिकवलं हे मोजणंच चुकीचं आहे. त्याच्या कामामुळे लोकांना काय काय शिकावं लागेनासं झालं, ते मोजलं पाहिजे.

आधी शिकवण्याचं बघू. सायबर जनजागृतीचा कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिलाय. मागं फ्लेक्स, पुढं खुर्च्या, पाहुण्यांना नारळ-शाल, एक तासाचं भाषण, हजेरीच्या कागदावर सह्या, ग्रुप फोटो. अहवालात त्या सह्यांचे ‘लाभार्थी’ होतात. मोठ्या पातळीवरही हेच. केंद्र सरकारनं २०१७ पासून ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोहीम चालवली, वीस तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा. देशभरात सहा कोटींहून जास्त लोक त्यात शिकून गेल्याची नोंद आहे. असल्या वर्गांत मीही शिकवलंय. शिकलेल्यांपैकी बरेच जण प्रमाणपत्र लॅमिनेट करायला माझ्याकडेच आले, आणि लॅमिनेशन होईपर्यंत फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “हे काय आलंय बघ रे, मला काय कळत नाही.”

आपलं राज्य हा धडा एकदा शिकलेलं आहे. २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगाव संडास बांधले गेले, मोजले गेले, बक्षिसं मिळाली. आणि कित्येक ठिकाणी आत गोवऱ्या आणि सरपण भरलेलं. बांधलेले संडास कागदावर मोजता येतात, वापर मोजायला पहाटे उठून पांदीकडे जावं लागतं. म्हणून तर पुढं गुड मॉर्निंग पथकं काढावी लागली. त्या पथकांनी माणसांची जी शोभा केली तिच्याविषयी माझं मत बरं नाही, पण कुठं बघायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं. सायबर सुरक्षेत आपण अजून संडासच मोजतोय.

संशोधकांच्या जगातले संडास म्हणजे पेपर. २०१० पासून आपल्याकडे प्राध्यापकांची बढती गुणांशी जोडली गेली, त्यात छापलेल्या पेपरांना गुण. लगेच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. ते निवडून काढायला यूजीसीनं २०१८ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची यादी करायचं ठरवलं, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातच चाले. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. यापेक्षा जास्त वेळ या विषयाला द्यायची माझी तयारी नाही. ज्यांची पोटं त्यावर आहेत ते लढतील.

मला जास्त बोलायचंय ते पासवर्डविषयी, कारण परिणाम मोजण्याची सगळी मेख त्या गोष्टीत आहे.

१९९९ साली लंडनमध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे या दोघींनी एक लेख लिहिला. कचेऱ्यांतली माणसं पासवर्ड चिठ्ठीवर लिहितात, एकमेकांना सांगतात, सोपे ठेवतात, म्हणून संगणकवाले त्यांना बेपर्वा ठरवत. या दोघींनी माणसांशी बोलून दाखवलं की वापरणारा शत्रू नाही. त्याच्यावर जे नियम लादलेत ते माणसाच्या स्मरणशक्तीत आणि कामाच्या धबडग्यात बसतच नाहीत, म्हणून तो पळवाट काढतो. चार वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं पासवर्डची नियमावली लिहिली. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, खूण वगैरे. त्यातूनच ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायचा पायंडा जगभर घट्ट झाला. बँका, कचेऱ्या, कॉलेजं, सगळ्यांनी ते उचललं. आमच्या केंद्राच्या पोर्टलनंसुद्धा. दर काही महिन्यांनी मी ‘किकवी’पुढचा आकडा एकनं वाढवतो आणि उद्गारचिन्ह टाकतो. आता सगळ्यांना सांगून टाकलंय म्हणजे बदलावा लागेल.

मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या विद्यार्थ्यांची मुदत संपलेली खाती तपासली. माणसाचा आधीचा पासवर्ड हाती असला तर ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड त्यांच्या कॉम्प्युटरला काही सेकंदांत सापडला. १७ टक्के खात्यांना तर पाच अंदाजही पुरले. सगळं जग माझ्यासारखाच आकडा वाढवत होतं. शेवटी २०१७ मध्ये त्याच अमेरिकी संस्थेनं नियम फिरवला : पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका. निवृत्त झालेल्या बर साहेबांनी वर्तमानपत्राला सांगितलं की आपण लिहिलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. मला तो माणूस आवडला. आपल्याकडे जीआर मागं घेतला जातो, पण लिहिणारा कधी वाईट वाटल्याचं बोलत नाही.

आता सांगा, यात परिणाम कुणाचा मोठा? ‘किती लोकांपर्यंत पोचलं’ या मापानं बघितलं तर बर यांच्या नियमावलीशी कुणाची बरोबरी होणार नाही. पृथ्वीवरचा प्रत्येक कारकून त्यांनी सांगितलेलं करत होता, आणि ते चुकीचं होतं. आणि त्या दोघी बरोबर होत्या, पण १९९९ ते २०१७ ही अठरा वर्षं त्यांच्या सांगण्यानं आमच्या पोर्टलवरचा एक चौकोनही हलला नाही. मधल्या कुठल्याही मार्चअखेरीला त्यांना कुणी विचारलं असतं की यंदा तुमच्यामुळे कुठल्या गावात काय बदललं, तर कागद कोरा द्यावा लागला असता.

म्हणून वर्षाच्या मुदतीत हे मापच घेता येत नाही. शेतात चिंच लावणाऱ्याला पुढच्या सुगीत किती पोती झाली, असं कुणी विचारत नाही.

मग मोजायचं काय? जुन्या लोकांना नारू हा रोग आठवत असेल. पायविहिरीत माणसं गुडघाभर पाण्यात उतरून घागर भरायची, एखाद्याच्या पायातल्या जखमेतून किडीची पिल्लं पाण्यात जायची, ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात ती वाढायची, आणि वर्षभरानं पोटरीतून हातभर दोऱ्यासारखा जंतू बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की पाय सुजला. महाराष्ट्र हा नारूच्या राज्यांपैकी एक होता. ‘घाणेरडी माणसं, घाणेरडं पाणी’ असं म्हणून मोकळे होणारे तेव्हाही होते. पाणी फडक्यानं गाळा, असं आरोग्यसेवकांनी घरोघरी सांगितलं, त्याचाही उपयोग झाला. पण एक काम असं झालं की ते कुणाला सांगत बसावं लागलं नाही : पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, कठडा बांधला, रहाट बसवला. पाण्यात पाय घालायची सोयच उरली नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. माझ्या मुलीला मी ‘नारू’ म्हटलं तर तिला ते कुणाचं तरी नाव वाटतं. नारूवर काम केलेल्यांचा परिणाम मोजायचा तर तिच्या चेहऱ्यावरचा तो प्रश्न मोजा.

मोबाइलच्या पैशांतही एक पायविहीर होती. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, तेवढा पिन टाका’ असं सांगून भामटा पैसे मागण्याची विनंती धाडायचा, आणि पिन टाकला की आपल्याच खात्यातून जायचे. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वाक्य मी किती जणांना किती वेळा सांगितलं याला गणती नाही. बँकांनी मेसेज केले, पोलिसांनी पोस्टरं लावली, फोन लावला की अमिताभ बच्चन सावध करायचे आणि घाईच्या वेळी लोक त्यांच्यावरच चिडायचे. मग १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला अशी विनंती पाठवायची सोयच यूपीआयमधून काढून टाकली. कठडा बांधला. चोर दुसरी विहीर शोधतील, पण तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून कमी झालं. याचं श्रेय कुठल्या संशोधकाच्या नावावर मांडायचं? कुठल्याच नाही मांडता येणार, आणि मोजणाऱ्यांची खरी अडचण तीच आहे. झालेली चोरी पोलीस ठाण्यात नोंदवता येते. न झालेल्या चोरीचा पंचनामा कोण करणार?

तरी मोजता येत नाही असं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. नवजात बाळं का मरतात आणि गावातलीच बाई घरी जाऊन त्यांना वाचवू शकते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी ३९ गावांत ते काम केलं आणि शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. दोन्हीकडे जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गेलेलं प्रत्येक बाळ नोंदलं. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. तो पेपर भरपूर उद्धृत झाला असेल. पण आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी आशाताई पिशवीत वजनकाटा घेऊन जाते, ती त्या कामाची पावती. २०११ पासून तशा घरभेटी देशभर सुरू झाल्या. गावातली बाई मोजू शकते हे बंगांनी सिद्ध केलं. सेवा केंद्रातला माणूसही मोजू शकेल की. कुणी सांगितलं तर.

आणि प्रामाणिकपणे मोजलं तर आधी निघालेल्याच्या विरुद्धही निघतं. आता हैदराबादच्या आयआयआयटीत असलेले पोन्नुरंगम कुमारगुरू अमेरिकेत शिकत असताना त्यांनी फसव्या ईमेलवर प्रयोग केले. माणूस फसव्या लिंकवर दाबतो त्याच क्षणी त्याला शिकवलं तर ते डोक्यात राहतं, असं २००९ च्या अभ्यासात ५१५ जणांवर दिसलं. अठ्ठावीस दिवसांनंतरही राहिलं. जगभरच्या कंपन्यांनी ती पद्धत उचलली. नंतर झुरिकच्या संशोधकांनी एका कंपनीतल्या १४,००० लोकांवर सव्वा वर्ष नजर ठेवली, आणि २०२२ मध्ये सांगितलं की असं शिकवल्यानं उलट काही जण जास्त फसतात. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या एका मोठ्या रुग्णालय-समूहातल्या साडेएकोणीस हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला. आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाचा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आतच. दवाखान्यात काम करणारी शिकलेली माणसं ती, आमच्या भोंगवलीची आजी नव्हे. म्हणजे शिकवून शिकवून किती होणार, याचा अंदाज घ्यावा.

पण मला सगळ्यात जास्त टोचतो तो शब्द ‘निष्काळजीपणा’. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. तुमची काही चूक नसताना तिसऱ्याच माणसानं पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर काही भार नाही. मात्र तुमच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन-ओटीपी सांगून, पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. वाचताना न्याय्य वाटतं. माझ्या दुकानात बसलं की वाटत नाही. दिवसभर ज्या बाईला सरकारी योजनेसाठी, रेशनसाठी, गॅससाठी, फार्मर आयडीसाठी ओटीपी सांगायला आपण लावला, तिनं पाचव्या फोनवर तो सांगितला तर ती निष्काळजी? सवय आपण लावायची आणि दोष तिचा. हुंडा घ्यायचा आणि कर्ज काढलं म्हणून पोरीच्या बापाला बोल लावायचा, तशातली गत.

ब्रिटननं यात एक पाऊल टाकलंय. माणसाला फसवून त्याच्याच हातून पैसे पाठवायला लावले, तरी ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना ते भरून द्यावे लागतात, ८५,००० पौंडांपर्यंत. आणि निम्मे पैसे धाडणाऱ्या बँकेनं, निम्मे ज्या बँकेत चोरानं खातं उघडलं तिनं. अगदीच बेफिकीर माणसाला त्यातून वगळता येतं, पण दुबळ्या ग्राहकाला तेही लावता येत नाही. भार खिशावर आला की बँकेला कठडा बांधायची बुद्धी होते, हा त्यामागचा हिशोब. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल का, यावर भांडण होऊ शकतं, खोट्या तक्रारी येतील असं म्हणणारे भेटतील. भांडण तरी होऊ दे. रोजच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा आपल्या देशात परिणाम झाला असं मी त्या दिवशी म्हणेन, ज्या दिवशी परिपत्रकातल्या त्या एका शब्दाचा अर्थ बदलेल.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, या आशेनं की विद्या वरून खाली झिरपेल. ती झिरपत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. आजचं सुरक्षेचं ज्ञानही तसंच झिरपायची वाट बघत बसलंय. परिषदा होतात महागड्या हॉटेलांत, आणि खाली येतं ते एक निळं पोस्टर.

त्या मुलीच्या वहीत ज्या गोष्टी होत्या त्या पोस्टर लिहिणाऱ्याला माहीत नाहीत. एक आजोबा एटीएमचा पिन मोबाइलमध्ये ‘सदू मामा’ या नावाखाली, पुढं-मागं आकडे घालून फोन नंबर असल्यासारखा ठेवतात. मी याला अडाणीपणा म्हणालो असतो. तिनं शेजारी लिहिलं, ‘चांगली युक्ती’. एका आजींनी फोनला कुलूपच लावलेलं नाही. का, तर शेतात चक्कर आली तर बघणाऱ्याला लेकाला फोन लावता आला पाहिजे. आजींच्या जिवाला धोका फोनच्या चोरापेक्षा उन्हाचा जास्त आहे, आणि हे त्यांना नीट कळतं. एका घरात चार बायकांत एक फोन, म्हणून सून माहेरशी बोलून झालं की कॉलची नोंद पुसते. नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या बायकांचं असंच २०१८ मध्ये लिहिलंय. पोस्टरवरचा शत्रू हॅकर असतो. त्या सुनेच्या भीतीत हॅकर कुठंच नाही, तिच्या भीतीत घरची माणसं आहेत.

आता आमच्या वाडीतल्या अण्णांचं सांगतो. पिकअप चालवतात, भाजी घेऊन मार्केट यार्डाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. हायवेला कॅमेरे आहेत, आधी दोनदा खरी चलानं मोबाइलवरच आली होती. तिसरंही खरं वाटलं. फाइल उघडली, फोननं काहीबाही परवानग्या विचारल्या, त्यांनी हो-हो केलं. रात्रीत खातं रिकामं. ओटीपी त्यांनी कुणाला सांगितलाच नाही, त्या फाइलीतल्या अ‍ॅपनं मेसेज परस्पर वाचले. म्हणजे पोस्टरवरचा नियम पाळूनही ते बुडाले. अण्णांनी ही गोष्ट तीन दिवस कुणाला सांगितली नाही. चौथ्या दिवशी डिझेलला पैसे नव्हते तेव्हा फुटली. पदवीधर मुलगा म्हणाला, “जरा शिकला असता तर.” पारावर त्यांचं नाव पडलं ‘चलान अण्णा’. मीही हसलो होतो.

चोरी झाल्या झाल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर पुढच्या बँकेत पैसे गोठवता येतात. उशीर झाला की ते दहा खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघून जातात. हे तीन दिवस कशानं गेले? अण्णांना नंबर माहीत नव्हता म्हणून नव्हे. तो माझ्याच भिंतीवर लिहिलाय. गेले ते आमच्या हसण्याच्या धास्तीनं. पुढच्या वेळी ज्याचे जातील त्यानं ‘चलान अण्णा’ हे नाव ऐकलेलं असणार, आणि तो चार दिवस गप्प बसेल. तेव्हा सुरक्षेच्या संशोधकानं माझ्या गावात एकच आकडा मोजायचा ठरवला, तर त्यानं हा मोजावा : पैसे गेल्याचं माणसाला कळलं तेव्हापासून त्यानं तोंड उघडेपर्यंत किती वेळ गेला. त्याला संगणक लागत नाही. त्यात बँक, पोलीस, घरचे, पारावरचे आणि मी, सगळे मोजले जातो.

त्या शंभर पानी वहीत रेघांच्या पुढं बरीच पानं कोरी होती. मी पट्टीनं तीन रकाने आखले. ‘कधी गेले’, ‘कधी कळलं’, ‘कधी सांगितलं’. नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही. पहिल्या ओळीत अण्णांचे तीन दिवस लिहिले. मग बरेच दिवस नुसतेच रकाने. नंतर एक ओळ आली दीड दिवसाची, मग एक अकरा तासांची.

परवा दुपारी ऊन मरणाचं होतं, मी शटर अर्धं ओढून डबा उघडला होता. सारोळ्याकडची एक बाई वाकून आत आली. पायात चपला नाहीत, हातात फोन, त्यावरचा मेसेज अजून तसाच उघडा. म्हणाली, “भाऊ, माझे गेले वाटतं. हसू नको.” मी डबा सरकवला आणि १९३० लावला. तिकडून सांगितलं, थांबा. मी तिला पाणी दिलं आणि पासबुक काढायला सांगितलं, मेसेजमधला यूटीआर नंबर हजेरीच्या कागदामागं उतरवून घेतला. फोन कानाला तसाच. बाई दारात उभी राहून हायवेवरची वाहनं बघत होती. मी वही ओढली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं : गेले, एक वाजून चाळीस. कळलं, एक वाजून बेचाळीस. सांगितलं, दोनला पाच कमी.

फोनवर अजून ते संगीतच चालू होतं.